फौजदार वेलणकरला कोणी कोणी डोक्यावर घेतलं?

१९८३ साल. जूनमध्ये कपिल देवच्या संघानं लॉर्ड्सवर वर्ल्ड कप उचलला. थेटरांत ‘हिंमतवाला’, ‘बेताब’, ‘कुली’ यांची चलती होती. त्याच वर्षी गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ लागला. एकही गाणं नाही, नायकाच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण, खलनायक आवाजसुद्धा चढवत नाही, आणि शेवटी नायक जिंकला की संपला यावर घरी पोहोचेपर्यंत वाद. असा चित्रपट समीक्षकांनी उचलून धरला यात नवल नव्हतं. तिकीटबारीवरही तो चालला, हे नवल. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकरच्या या गोष्टीला कोणी काय दिलं, कशावरून वाद झाले आणि त्यामागे आपली मराठी माणसं किती होती, त्याचा हा धावता फेरफटका.

कागदावर मराठीच

हिंदी चित्रपट म्हणून नोंदला गेलेला ‘अर्धसत्य’ कागदावर जवळजवळ मराठी आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, नाव ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची. हिंदी संवाद वसंत देव यांचे, म्हणजे तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेणाऱ्या लेखकाचे. ज्या कवितेवरून चित्रपटाला नाव मिळालं, ती दिलीप चित्रे यांची. पडद्यावर स्मिता पाटील, सदाशिव अमरापूरकर, शफी इनामदार. वेलणकरच्या मुकाट सोसणाऱ्या आईच्या भूमिकेत माधुरी पुरंदरे. होय, ज्यांची ‘राधाचं घर’ वाचत पुढे कितीतरी मराठी मुलं मोठी झाली, त्याच.

दिग्दर्शक मात्र कराचीत जन्मलेले सिंधी आणि नायक अंबाल्याचा पंजाबी. पण निहलानींचं तेंडुलकरांशी जुनं नातं होतं. सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पडद्यावर आणलं, तेव्हा कॅमेरा निहलानींच्या हातात होता. ओम पुरी तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आलेले.

पानवलकरांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. तेंडुलकर आणि चित्रे यांची नावं सर्वांच्या तोंडी असतात. ज्यांच्या कथेतून वेलणकर जन्मला त्या पानवलकरांचं नाव श्रेयनामावली सरली की मागे पडतं. फिल्मफेअरनं त्यांना उत्कृष्ट कथेचा पुरस्कार दिला, तेव्हा एका मराठी कथाकाराच्या कथेला हिंदी पडद्यावर मान मिळाला. मराठी वाचकांनी तरी त्यांना विसरू नये. ‘सूर्य’ कुठल्या ग्रंथालयात हाती लागली, तर चित्रपट पाहून झाल्यावर जरूर वाचा.

पहिली मोठी भूमिका कोतवालाची

ओम पुरींचा पडद्यावरचा पहिला मोठा चित्रपट कोणता? मराठी! १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’. तेंडुलकरांच्याच नाटकावरून युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुण मंडळींनी तो केला. मोहन आगाशे नाना फडणवीस आणि ओम पुरी घाशीराम. म्हणजे या नटाच्या चित्रपटांची जवळजवळ सुरुवातच पुण्याच्या पोलीसप्रमुखाच्या भूमिकेनं झाली. त्या कोतवालाला सत्ताधारी हवा तितका वापरतात आणि गरज संपल्यावर जमावापुढे टाकतात. सात वर्षांनी वेलणकर आला. काळ वेगळा, कपडे वेगळे, पण वर बसलेले खाली उभ्या असलेल्याला कसं वापरतात, हे तेंडुलकरांनी दोन्हीकडे त्याच धारेनं लिहिलं.

मध्ये १९८० मध्ये ‘आक्रोश’ झाला. निहलानींचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, आणि इफ्फी या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णमयूर विभागून मिळाला. त्यात ओम पुरी लहान्या भिकू नावाचा आदिवासी आहे, पोलिसांच्या ताब्यातला, जवळजवळ मुका. ओम पुरी, स्मिता पाटील, अमरीश पुरी, नसीरुद्दीन शाह हे चौघंही ‘आक्रोश’मध्ये आहेत आणि तीन वर्षांनी ‘अर्धसत्य’मध्येही. फक्त आता बेडी घातलेल्या माणसाच्या अंगावर खाकी चढली आहे. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले की कोठडीच्या गजांच्या दोन्ही बाजू तोच एक चेहरा दाखवतो. समांतर सिनेमाच्या साऱ्या दशकात मला यापेक्षा मोठी जोडी दिसत नाही.

पुरस्कारांचा पाऊस

आता हिशेब. १९८४ च्या फिल्मफेअर सोहळ्यात ‘अर्धसत्य’नं उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि सहायक अभिनेता असे पाच पुरस्कार नेले. ज्या सोहळ्यात एरवी गाण्यांच्या आणि मोठ्या नटांच्या चित्रपटांचा बोलबाला, तिथे बिनगाण्याच्या चित्रपटानं ‘बेताब’ आणि ‘अवतार’सारख्या गल्ला भरणाऱ्यांना मागे टाकलं. राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा उत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला आणि ओम पुरी उत्कृष्ट अभिनेता. ओम पुरींचा हा लागोपाठ दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. आदल्या वर्षी श्याम बेनेगलांच्या ‘आरोहण’साठी मिळाला होता, त्यात ते बंगालमधले कूळ शेतकरी होते. १९८४ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी महोत्सवानंही त्यांना अभिनयाचा सन्मान दिला.

गंमत पुढे आहे. देशात आणि परदेशात पहिला ठरलेला हा नट फिल्मफेअरमध्ये मात्र नामांकनावर थांबला. पुरस्कार कोणी नेला? ‘मासूम’साठी नसीरुद्दीन शाह यांनी! नसीर म्हणजे ओम पुरींचे नाट्य विद्यालयापासूनचे सोबती, आणि ‘अर्धसत्य’मध्येच माईक लोबो हा दारूत बुडालेला, निलंबित फौजदार साकारणारे. लोबोचे प्रसंग मोजके. पण वेलणकरला, आणि आपल्यालाही, त्याच्यात वेलणकरचाच उद्याचा चेहरा दिसतो. त्या वर्षी दोघांपैकी कोणालाही पुरस्कार मिळाला असता तरी तो योग्यच ठरला असता.

नगरचा नट, मुंबईचा दादा

सदाशिव अमरापूरकर मूळचे अहमदनगरचे. मराठी रंगभूमीवर ‘हँड्स अप!’ या नाटकात निहलानींनी त्यांना पाहिलं आणि मुंबईतल्या दादाची, रामा शेट्टीची, भूमिका देऊन टाकली. हिंदीतला पहिलाच चित्रपट, पडद्यावर वाट्याला आलेला वेळ तुटपुंजा, आणि थेट फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार!

तेव्हाचे हिंदी खलनायक अड्ड्यांत राहत, भिंती सरकवत, हसून थरकाप उडवत. रामा शेट्टी यातलं काही करत नाही. तो घरातल्यासारखा निवांत बसतो, दारात आलेल्या फौजदाराकडे कामगार वेळेवर आला नाही म्हणून बघावं तसं बघतो. त्याला पळायचं नसतं, लपायचं नसतं, कारण शहर त्याचंच आहे. पुढे १९९१ च्या ‘सडक’मधल्या महाराणीच्या भूमिकेनं अमरापूरकरांना फिल्मफेअरचा खलनायकाचा पुरस्कार मिळवून दिला, आणि तो त्या वर्गातला पहिलावहिला पुरस्कार होता. ‘सडक’मध्ये रंग भडक आहेत, शेट्टीत फिके. मला फिके रंग जास्त भीतिदायक वाटतात.

भ्रष्टाचार फोनवरून येतो

पोलिसी भ्रष्टाचार म्हटला की डोळ्यांसमोर काय येतं? टेबलाखालून सरकणारं पाकीट, हप्ता, चहाटपरीवरची वसुली. ‘अर्धसत्य’मधला भ्रष्टाचार त्याहून वरच्या मजल्यावरचा आहे, आणि त्याचं हत्यार आहे साधा काळा टेलिफोन.

तो प्रसंग नीट पाहा. जळालेला एक माणूस मरताना वेलणकरपुढे जबानी देतो आणि रामा शेट्टीचं नाव घेतो. मृत्युपूर्व जबानी म्हणजे कोर्टात उभा राहणारा पुरावा. वेलणकर शिपाई घेऊन शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी उठत नाही. एक नंबर फिरवतो, दोन शब्द बोलतो आणि रिसीव्हर वेलणकरकडे जातो. पलीकडे वरिष्ठ. कॅमेरा ओम पुरींच्या तोंडावर असतो. कान रिसीव्हरला, नजर शेट्टीवर, आणि जबड्याचा एक स्नायू तेवढा हलतो. मग माणसं घेऊन माघारी. ना धमकी, ना पैसा, ना पिस्तूल. असा प्रसंग लिहायला तेंडुलकर लागतात आणि तो असा गप्प राहून करायला ओम पुरी.

यात आणखी एक जुळणी आहे. केंद्र सरकारनं १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानं १९७९ ते १९८१ दरम्यान आठ अहवाल दिले. आयोगाचे अध्यक्ष धर्मवीर. पोलिसांच्या कामात राजकारण्यांची ढवळाढवळ आणि बदलीची टांगती तलवार हे त्या अहवालांतलं मोठं दुखणं. ते अहवाल सरकारी कपाटांत पडून राहिले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा ठोस आदेश यायला २००६ उजाडावं लागलं. प्रकाश सिंह या माजी पोलीस महासंचालकांच्या याचिकेवरचा तो निकाल. आयोगानं शेकडो पानांत मांडलेलं दुखणं चित्रपटानं एका फोनकॉलमध्ये दाखवलं, आणि तेही निकालाच्या तेवीस वर्षं आधी.

प्रेक्षकांनी खाकी नुकतीच पेटलेली पाहिली होती

चित्रपटाचं स्वागत समजून घ्यायचं तर आदल्या वर्षीची मुंबई आठवावी लागते. १९८२ च्या जानेवारीत मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतलं पहिलं ‘एन्काउंटर’ म्हणून ते नाव आजही घेतलं जातं. त्याच महिन्यात डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. आणि ऑगस्टमध्ये चक्क पोलीसच रस्त्यावर उतरले. कॉन्स्टेबलांच्या संघटनेची मान्यता सरकारनं काढली, नेत्यांना धरलं, आणि शहरात जाळपोळ झाली. लष्कराला बोलवावं लागलं.

त्यापूर्वी बिहारच्या भागलपूरमध्ये पोलिसांनी संशयितांचे डोळे फोडल्याच्या बातम्यांनी देश हादरला होता. पोलीस कायदा हातात घेतात, आणि पोलिसांचाही कोणीतरी वाली नसतो, या दोन्ही गोष्टी मुंबईच्या प्रेक्षकाला ठाऊक होत्या. वेलणकर पडद्यावर आला तेव्हा त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. १९८२ चं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो ओळखीचाच होता.

तेंडुलकरांची तयारी तर त्याहून जुनी. सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन त्यांनी समाजातल्या हिंसेचा अभ्यास केला. ‘निशांत’, ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ ही तीन नावं एका ओळीत ठेवली की त्या अभ्यासाचं फळ काय, हे कोणी वेगळं सांगायला नको.

हॉटेलच्या टेबलावर कविता

एका पोलीसपटाचा सर्वांत गाजलेला प्रसंग कवितावाचनाचा असावा, असं दुसरीकडे कुठे घडलं असेल असं वाटत नाही.

ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, वेलणकरची मैत्रीण आणि साहित्याची प्राध्यापिका. हॉटेलात ती वेलणकरच्या हाती एक पुस्तक देते. तो हसत हसत, थोडं नाटकी होत, मोठ्यानं वाचायला लागतो. चक्रव्यूहात शिरणाऱ्या माणसाची ती कविता. ओळी पुढे सरकतात तसा आवाज उतरतो. हसू जागच्या जागी विरतं. शेवटाकडे तो ज्योत्स्नाला वाचून दाखवत नसतो, स्वतःचीच फाईल उघडून बसलेला असतो. कवितेत चित्र्यांनी पौरुष आणि नपुंसकता तराजूत टाकून मध्ये अर्धसत्याचा काटा ठेवला आहे, आणि पुढचा सारा चित्रपट त्या काट्याभोवती फिरतो.

आणि महाभारत! १९८१ मध्ये बेनेगलांनी ‘कलयुग’मध्ये भाऊबंदकीतल्या उद्योगपतींना कौरव-पांडव केलं, कॅमेरा निहलानींचाच. १९८३ मध्ये कुंदन शाहांच्या ‘जाने भी दो यारो’चा शेवट द्रौपदीवस्त्रहरणाच्या नाटकात धुमाकूळ घालून झाला. त्याच वर्षी ‘अर्धसत्य’चा चक्रव्यूह. तीन वर्षांत समांतर सिनेमानं तीन वेळा व्यासांचं दार ठोठावलं. यातल्या शेवटच्या दोन चित्रपटांची संकलक एकच, रेणू सलुजा. एका वर्षात एका टेबलावर लोकांना पोट धरून हसवणारा चित्रपट कापायचा आणि दुसरीकडे श्वास रोखायला लावणारा. त्यांच्या कामाबद्दल आपण पुरेसं लिहिलेलं नाही.

गळा दाबला, बरोबर केलं?

आता मुख्य वाद. या चित्रपटावर लिहिणारे तेव्हापासून त्यावर भांडत आहेत.

शेवट असा. लॉकअपमध्ये एक भुरटा चोर वेलणकरच्या मारानं मरतो. वेलणकर निलंबित होतो. वाचायचं तर शेट्टीकडे जा, असा सल्ला मिळतो. एव्हाना शेट्टी महापालिकेच्या निवडणुकीला उभा आहे. वेलणकर जातो. शेट्टी त्याची लायकी काढतो आणि आपल्या पदरी राहण्याची ऑफर देतो. वेलणकर त्याचा गळा दाबून जीव घेतो आणि सरळ पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देतो.

एका बाजूचं म्हणणं असं की शेवटी वास्तववादी चित्रपटानंही ‘जंजीर’चाच रस्ता धरला: चिडलेला नायक, माजलेला खलनायक, आणि कायद्याला बाजूला ठेवून केलेला हिशेब. समांतर सिनेमा बाजाराकडे झुकला तो इथून, असंही कोणी कोणी मानतं. चित्रपट चालला म्हणूनही काहींना संशय आला.

दुसरी बाजू म्हणते, ‘जंजीर’चा विजय खन्ना वर्दी उतरवतो आणि मोकळा होतो, वेलणकर वर्दी उतरल्यावर संपतो. त्याला ठाण्यात कोणी खांद्यावर घेत नाही. शेट्टी मेला तरी फोन तसेच वाजत राहणार, कारण पलीकडची माणसं जागच्या जागी आहेत.

मी दुसऱ्या बाजूची. पण दोन्ही बाजू शेट्टीच्या गळ्यापाशीच अडकतात, हे मला खटकतं. चित्रपटाचं खरं केंद्र थोडं आधी आहे, लॉकअपमध्ये. त्या चोरानं काय चोरलं होतं? एक छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ. शेट्टीपुढे हात बांधलेले, वरिष्ठांपुढे तोंड बांधलेलं, डाकू पकडल्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेलेलं, पोटात दारू; आणि समोर कोण सापडतो, तर ज्याच्यासाठी कोणीही फोन करणार नाही असा माणूस. सारा राग त्याच्यावर. चित्रपटातलं सर्वांत प्रामाणिक विधान तेच आहे: वरून दाबलेला माणूस खालच्याला मारतो. शेट्टीच्या मरणावर टाळी वाजवणाऱ्या प्रेक्षकानं त्या चोराला विसरू नये, म्हणून तर दोन मरणं इतकी जवळजवळ ठेवली आहेत. दोन्ही त्याच हातांनी झालेली.

कोठडीतल्या मारहाणीला आळा घालणारे नियम सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये, डी. के. बसू खटल्यात, घालून दिले. अटकेचा लेखी मेमो, नातेवाइकांना कळवणं, ताब्यातल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. आज ठाण्यांच्या भिंतींवर त्यांचे फलक दिसतात. १९८३ च्या त्या चोरासाठी भिंतीवर काहीच नव्हतं.

बाप हवालदार

हा राग नुसता खात्यातून आलेला नाही, हे तेंडुलकरांना पक्कं माहीत होतं. अमरीश पुरींनी केलेला बाप पोलीस खात्यातूनच निवृत्त झालेला. तो बायकोला मारतो आणि पोरगा कोपऱ्यातून बघतो. मुलाला एम. ए. करायचं असतं, बाप त्याला कानफटात लगावून पोलिसात भरती करतो. अनंतला लहानपणी आईसाठी मध्ये पडता आलं नाही, ती सल घेऊन तो मोठा झाला. म्हणून तर बसमध्ये बाईला त्रास देणाऱ्या पोरांमागे तो पिसाटासारखा धावतो. मारताना तो नक्की कोणाला मारतो आहे, हे ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर वाचता येतं. तिला तिथेच पहिली भीती वाटते.

स्मिता पाटीलला इथे काम कमी दिलं, अशी तक्रार होते आणि ती खरी आहे. त्याआधीच ती ‘उंबरठा’त घराबाहेर पडून स्वतःचं आयुष्य उभं करणारी सुलभा होती, पटकथा तेंडुलकरांचीच. ज्योत्स्ना त्यामानानं कडेला उभी. तरी तिच्या नजरेशिवाय वेलणकरचा क्रूरपणा आपल्याला क्रूरपणा म्हणून दिसला नसता, पराक्रम म्हणून दिसला असता. एवढ्यासाठी ही भूमिका मला मोठी वाटते.

आणि हो, ओम पुरी आणि अमरीश पुरी यांचं काही नातं नाही. आडनाव तेवढं एक. बाप-लेक म्हणून त्यांना बघताना पटत नाही, ही गोष्ट वेगळी.

वेलणकरचे वारस

खाकीतला कोंडलेला माणूस हिंदी पडद्यावर पुढेही येत राहिला. निहलानींनी स्वतः १९९४ मध्ये ‘द्रोहकाल’ केला. ओम पुरी पुन्हा पोलीस अधिकारी, पुन्हा आपल्याच खात्याकडून फसवले गेलेले. कमल हासननं त्याचा तमिळ अवतार ‘कुरुतिपुनल’ केला आणि तो भारताकडून ऑस्करला गेला.

१९९९ चा ‘शूल’ तर सरळ याच घराण्यातला. प्रामाणिक इन्स्पेक्टर मनोज बाजपेयी, आमदार बच्चू यादवच्या भूमिकेत साताऱ्याचे सयाजी शिंदे, आणि राष्ट्रीय पुरस्कारही तोच: उत्कृष्ट हिंदी चित्रपट. मराठी रंगभूमीवरचा नट पुन्हा एकदा हिंदीतल्या फौजदाराची झोप उडवायला हजर! प्रकाश झांचा ‘गंगाजल’ (२००३) भागलपूरच्या त्या डोळे फोडण्यावर बेतलेला. गोष्ट बिहारची, पण चित्रीकरण आपल्या वाई-सातारा भागात. पुढे ‘सिंघम’ आला. बाजीराव सिंघमही मराठी, वेलणकरही मराठी, पण सिंघमच्या मागे अख्खं गाव उभं राहतं आणि वेलणकरच्या मागे कोणीच नाही. ‘सिंघम’मध्ये थेटर शिट्ट्यांनी दणाणतं, आणि मजा येते हे खरंच. तरी ठाण्यात जाऊन आपल्या तक्रारीचं काय झालं हे विचारायची वेळ आली की आठवतो वेलणकर.

सगळ्यांत सुंदर वारसा विशाल भारद्वाजच्या ‘मक़बूल’मध्ये (२००३) आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींच्या जागी त्यांनी मुंबईचे दोन भ्रष्ट पोलीस इन्स्पेक्टर ठेवले, पंडित आणि पुरोहित. कुंडल्या मांडतात, गुंडांची भविष्यं सांगतात, दोन्ही टोळ्यांशी गोडीत राहतात. हे दोघं कोण? ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह. वेलणकर आणि लोबो! वीस वर्षांपूर्वी खात्यानं ज्यांना चिरडलं, तेच दोन चेहरे आता खाऊनपिऊन सुखी आहेत. ‘अर्धसत्य’ ताजा असताना ‘मक़बूल’ पाहिला तर अंगावर काटा येतो.

हैदर अलीला विसरू नका

पुरस्कारांच्या गर्दीत एक भूमिका मागे राहिली. शफी इनामदार यांचा इन्स्पेक्टर हैदर अली. इनामदार कोकणातले. पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली आणि त्यांनी घराघरांत हशा पिकवला. त्यामुळे त्यांचं नाव काढलं की लोकांना आजही आधी ती मालिका आठवते. सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर ‘अर्धसत्य’लाच आला, पण तो शेट्टीच्या घरी गेला.

हैदर अली लाच खाताना दिसत नाही. तो वेलणकरचा वरिष्ठ, आणि खरा मित्र. वेलणकर आमदाराच्या माणसांना बडवून अडचणीत येतो, तेव्हा हैदर अलीच ओळखीच्या मध्यस्थाकरवी दिल्लीपर्यंत शब्द टाकून प्रकरण मिटवतो. आणि शेवटी शेट्टीकडे जा हा सल्लाही त्याचाच. त्याला वेलणकरचं भलंच हवं आहे. तो समजूतदार आहे, प्रेमळ आहे, नियम कुठे वाकवायचे आणि कुठे नाही हे त्याला वर्षांच्या नोकरीनं शिकवलं आहे. शेट्टीसारखा माणूस वर टिकतो तो त्याच्या फोनवर, पण तो फोन रोज चालू राहतो तो हैदर अलीसारख्या भल्या माणसांच्या जोरावर. हे इनामदारांनी एकही वाक्य जास्त न बोलता दाखवलं, कपाळावरच्या दोन आठ्या आणि थकलेला, समजावणीचा आवाज एवढ्यावर. पुढच्या खेपेला ‘अर्धसत्य’ पाहाल तेव्हा वेलणकर बोलत असताना नजर हैदर अलीवर ठेवून बघा.